लेकीची कागदपत्रे: गरोदरपणातल्या पहिल्या नोंदीपासून पहिलीच्या प्रवेशापर्यंत

मुलगी जन्माला आल्यावर महाराष्ट्रातल्या साध्या कुटुंबाला सरकारकडून मिळण्यासारखे बरेच काही आहे. आईला मातृवंदनेचे पैसे, सरकारी दवाखान्यात मोफत बाळंतपण, मुलीला ‘लेक लाडकी’चे हप्ते, अंगणवाडीचा आहार, पुढे खासगी शाळेत आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याची) मोफत जागा. यातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे, पोर्टल वेगळे, उत्पन्नाची अट वेगळी. पण कागद तेच ते लागतात, आणि आधीच्या योजनेत तयार झालेला कागद पुढच्या योजनेत मागितला जातो. म्हणून योजना एकेक करून वाचण्यापेक्षा कागद कोणत्या क्रमाने करायचे ते समजून घेतलेले बरे. पात्र असूनही पैसे न मिळालेल्या घरांत बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो: नाव एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे, आणि तोवर मुदत संपलेली.

दिवस राहिल्यावर

पहिली नोंद आशाताईकडे किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरकडे. तिसरा महिना संपायच्या आत केली तर उत्तम. त्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यावर शेवटच्या पाळीची तारीख लिहिली जाते आणि पुढचे सगळे हिशेब याच तारखेवरून चालतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झालेली असावी लागते. खासगी डॉक्टरकडे तपासणी चालू असली तरी सरकारी नोंद करून कार्ड घ्यावेच. खासगी दवाखान्याची फाईल कितीही जाड असली तरी कार्डाची जागा घेत नाही, आणि हे बऱ्याच जणींना सातव्या-आठव्या महिन्यात कळते.

मातृवंदनेत काय मिळते ते आधी पाहू. पहिल्या अपत्यासाठी, मुलगा असो की मुलगी, 5,000 रुपये दोन हप्त्यांत: नोंदणी व तपासणीनंतर 3,000, आणि बाळाची जन्मनोंद व लसीकरणाची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर 2,000. दुसरे अपत्य मुलगी असेल तर जन्मानंतर 6,000 रुपये एकरकमी. दुसरा मुलगा असेल तर काही नाही. बाळ जन्मल्यापासून 270 दिवस उलटले की अर्ज स्वीकारला जात नाही.

पात्रतेत लोकांचा गोंधळ होतो. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी असणे हा पात्रतेचा एक मार्ग आहे, एकमेव नाही. आई अनुसूचित जाती-जमातीची असेल, बीपीएल रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा मनरेगाचे जॉबकार्ड असेल, किसान सन्मान निधीची लाभार्थी असेल, किंवा 40 टक्के वा अधिक अपंगत्व असेल, तर यातला एक पुरावा पुरतो. ज्याच्याकडे जॉबकार्ड आहे त्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा मारण्याचे कारण नाही. सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या कायम नोकरीत असलेल्या आईला मात्र ही योजना लागू नाही.

गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मले, तर पुढच्या गरोदरपणात तिला नवी लाभार्थी धरले जाते. ‘एकदा नाव घातले, आता मिळणार नाही’ असे कोणी सांगितले तर ते खरे नाही.

खाते: पैसे जातात कुठे

पैसे आईच्या स्वतःच्या खात्यात, आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे खाते चालत नाही. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अर्जात तुम्ही कोणता खातेक्रमांक लिहिला यापेक्षा तुमचे आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेले आहे हे महत्त्वाचे. लग्नाआधी माहेरच्या गावी जनधन खाते उघडलेले असते, त्याला आधार जोडलेले असते आणि पासबुक आईच्या कपाटात असते. पैसे तिकडे जमा होतात आणि इकडे ‘आले नाहीत’ म्हणून तक्रार सुरू. कधी ते खाते वापर नसल्याने बंद पडलेले असते, मग पैसे परत जातात.

तपासायला दोन मिनिटे लागतात. मायआधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे बँकेचे नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, हे दिसते. बँक चुकीची असेल तर जी बँक हवी तिच्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या. केवायसी केली म्हणजे सीडिंग झाले असे नाही. बँकेत ही दोन वेगळी कामे आहेत आणि काउंटरवर ती सर्रास एकच समजली जातात, म्हणून ‘सरकारी अनुदानासाठी आधार जोडायचे आहे’ असे स्पष्ट सांगा. ओटीपीसाठी आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असावा लागतो. नंबर बदलला असेल तर आधार केंद्रावर जाऊन आधी तो बदला. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत आईला रांगेत उभे करण्यापेक्षा हे काम पाचव्या-सहाव्या महिन्यात उरकलेले चांगले.

माहेरच्या नावाचे आधार असेल तर? घाईने बदलू नका. आधार आणि बँक खाते दोन्ही एकाच नावाने असतील तर पैसे येतात. अर्धे बदलले की अडते. बदलायचेच असेल तर आधी विवाह नोंदणीचा दाखला, मग आधार, मग बँक, मग रेशनकार्ड, या क्रमाने. आणि हा सगळा बदल बाळंतपणाआधी पूर्ण होण्यासारखा नसेल तर तो जन्मदाखला हातात पडेपर्यंत थांबवा. जन्मनोंदीत आईचे नाव तिच्या त्या वेळच्या आधारप्रमाणेच लिहायला सांगा.

दवाखाना

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन झाले तरी, मोफत. औषधे, तपासण्या, लागल्यास रक्त आणि आहारही. साध्या बाळंतपणाला तीन दिवस, सिझेरियनला सात दिवस जेवण. घरून नेण्या-आणण्यासाठी 102 नंबरची गाडी. बाळ आजारी पडले तर वर्षभरापर्यंत उपचार मोफत. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर दवाखान्याचे वैद्यकीय अधीक्षक किंवा वैद्यकीय अधिकारी यांना विचारा, कारण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात हा खर्च दवाखान्याने करायचा असतो. याशिवाय जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या आईला ग्रामीण भागात 700 आणि शहरात 600 रुपये मिळतात. रक्कम छोटी आहे, पण मातृवंदनेपासून वेगळी आहे. एक मिळाली म्हणून दुसरी बंद होत नाही.

जन्मदाखला, आणि माहेरचे बाळंतपण

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथे होते, जिथे कुटुंब राहते तिथे नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडे रीत, त्यामुळे सासर लातूरला आणि दाखला नाशिकचा असे सर्रास होते. दाखला वैध आहे, अडचण काहीच नाही. अडचण होते ती दुरुस्ती करायची झाली की. मग नाशिकलाच जावे लागते. म्हणून दाखला घेऊनच माहेराहून निघायचे आणि निघण्यापूर्वी तो वाचायचा.

नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यातल्या जन्माची खबर दवाखाना देतो, घरी झालेल्या जन्माची घरातल्या मोठ्या माणसाने द्यायची: गावात ग्रामसेवकाकडे (पदाचे नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे), शहरात नगरपालिका-महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. 21 दिवसांनंतर 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षभरात वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि सोबत कागदपत्रे. वर्ष उलटले की दंडाधिकारी पातळीवरचा आदेश लागतो आणि ती प्रक्रिया त्रासाची आहे. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे पूर्वीसारखे शाळेत अंदाजे तारीख लिहून पुढे जाता येत नाही.

दवाखान्यात फॉर्म भरून घेणारी व्यक्ती घाईत असते. बाळाचे नाव ठरलेले नसते, सांगणारा मामा किंवा आजी असते, आणि आईचे नाव घरात ज्या नावाने हाक मारतात ते लिहिले जाते. त्यामुळे बॅगेत आई-वडिलांच्या आधारची झेरॉक्स ठेवा आणि फॉर्म भरताना ती समोर धरा. तपासायच्या गोष्टी: आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, त्यांची इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारीख, कायमचा पत्ता. स्पेलिंगच्या चुका ठरलेल्या जागी होतात: ‘वैशाली’त व्ही की डब्ल्यू, ‘दीपा’त आय की डबल ई, ‘शिंदे’च्या शेवटी ई आहे की नाही, वडिलांच्या नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाऊ’ लावले की नाही.

बाळाचे नाव नंतर घालता येते. जन्मनोंदीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तरी बारशानंतर महिन्याभरात घाला. नाव नसलेल्या दाखल्यावर बाळाचे आधार काढणे अवघड होते, आणि त्या दाखल्याच्या आधारे कोणी अंदाजाने नाव टाकले तर ते पुढे पिच्छा सोडत नाही. एकदा घातलेल्या नावात लेखनाची चूक असेल तर पुरावा देऊन दुरुस्ती होते. आत्याने ठेवलेले नाव आता आवडत नाही म्हणून दुसरे घालून मिळत नाही.

नावाच्या क्रमाबद्दल एक नियम माहीत असू द्या. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव महाराष्ट्रात शासकीय कागदांवर आधी बाळाचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असे लिहायचे आहे. म्हणजे एकाच घरात 2023 ची थोरली ‘आराध्या संदीप जाधव’ आणि 2025 ची धाकटी ‘शरयू पूजा संदीप जाधव’ असू शकते. दोन्ही बरोबर आहेत. चूक तेव्हा होते जेव्हा धाकटीच्या आधारवर थोरलीप्रमाणे आईचे नाव गाळले जाते आणि शाळा मात्र चार नावे लिहून घेते. धाकटीच्या प्रत्येक फॉर्मवर चारही नावे, त्याच क्रमाने. फॉर्ममध्ये तीनच रकाने असले तर आईचे नाव मधल्या रकान्यात वडिलांच्या नावाआधी लिहा.

दाखल्याच्या सहीशिक्क्याच्या किंवा क्यूआर कोड असलेल्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या आणि एकीचा फोटो फोनमध्ये नाही, तर ईमेलवर ठेवा. फोन बदलतात.

बाल आधार

पाच वर्षांखालील मुलीचे आधार तिच्या बोटांचे ठसे न घेता, आई किंवा वडिलांच्या आधारशी जोडून काढतात. जन्मदाखला लागतो. नोंदणी मोफत. पाच वर्षे पूर्ण झाली की ठसे आणि डोळ्यांची नोंद करून ते अद्ययावत करावे लागते, आणि पाच ते सात या वयात त्याचे पैसे पडत नाहीत. हे राहून गेले की आधार निष्क्रिय होऊ शकते, आणि कळते कधी, तर शाळेत ऑनलाइन नोंद अडकल्यावर. दुसऱ्यांदा ठसे पंधराव्या वर्षी.

लेक लाडकी

शासन निर्णय 30 ऑक्टोबर 2023 चा, लागू मात्र 1 एप्रिल 2023 पासून जन्मलेल्या मुलींना. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि वार्षिक उत्पन्न 1 लाखापर्यंत, या दोन्ही अटी. हप्ते असे: जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि 18 वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000. एकूण 1,01,000.

कोणत्या मुलींना? पहिल्या आणि दुसऱ्या अपत्यांपैकी ज्या मुली असतील त्यांना. एक मुलगा, एक मुलगी असेल तर मुलीला मिळते. दुसऱ्या बाळंतपणात जुळे झाले आणि त्यात एक किंवा दोन्ही मुली असल्या तर त्या पात्र. पहिले अपत्य 1 एप्रिल 2023 पूर्वीचे असेल आणि दुसरी मुलगी त्यानंतरची, तर दुसरीला मिळते. कुटुंब महाराष्ट्राचे रहिवासी आणि बँक खाते राज्यातले हवे.

अर्ज अंगणवाडी सेविकेकडे. ती भरून पर्यवेक्षिकेकडे देते, तिथून बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे जातो. सोबत लागतात: मुलीचा जन्मदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आई-वडिलांचे आधार, मुलीचे आधार (पहिल्या हप्त्याला ही अट शिथिल आहे), पासबुकचे पहिले पान, रेशनकार्डाची प्रत, पालकांचे मतदार ओळखपत्र. पुढच्या शिक्षणाच्या हप्त्यांना शाळेचा बोनाफाईड. शेवटच्या हप्त्याला मुलीचे नाव मतदारयादीत असल्याचा पुरावा आणि ती अविवाहित असल्याचे घोषणापत्र. अर्ज दिल्यावर सेविकेकडून झेरॉक्सवर तारीख टाकून पोच घ्या. हे सांगायला संकोच वाटतो, कारण ती शेजारचीच असते, पण पाच वर्षांनी सेविका बदलली असेल आणि तुमच्याकडे तो कागदच उरेल.

कुटुंब नियोजनाची अट लोकांना हप्त्याच्या वेळी अचानक कळते, म्हणून आताच सांगतो. पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्याला अर्ज करताना आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ‘किंवा’ हा शब्द नियमात आहे. पुरुष नसबंदी सोपी, कमी जोखमीची, टाके नसलेली आणि त्याच दिवशी घरी सोडणारी आहे, आणि तिचे प्रमाणपत्र तितकेच चालते. शस्त्रक्रिया कुठेही करा, प्रमाणपत्र त्याच वेळी घ्या. दहा वर्षांनी रजिस्टर शोधायला कोणी बसत नाही. मुलींच्या शिक्षणाचा पैसा पालकांच्या शस्त्रक्रियेला बांधावा का, हा वेगळा प्रश्न आहे आणि आमच्या मते बांधू नये. तूर्त नियम असा आहे.

1 लाखाच्या अटीचेही तसेच. वर्षाला 1 लाख म्हणजे महिन्याला 8,333 रुपये. आई-बाप दोघे रोजंदारीवर असलेले घरही कागदोपत्री याच्यावर जाऊ शकते. मातृवंदनेत 8 लाखांपर्यंत चालते आणि इथे 1 लाख, त्यामुळे एकीचे पैसे मिळाले म्हणून दुसरीही मिळेल असे गृहीत धरू नका.

उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करून तहसीलदारांकडून मिळतो. तलाठ्याचा अहवाल, रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र. नोकरी असेल तर फॉर्म 16. दाखला बहुधा 31 मार्चपर्यंत चालतो. मार्चमध्ये काढला तर दोन आठवड्यांनी जुना होतो. जून-जुलैत दाखल्यांसाठी केंद्रांवर झुंबड असते, कारण तेव्हा शाळा-कॉलेजांचे प्रवेश चालू असतात. एप्रिलच्या उत्तरार्धात गेलात तर वर्षभर तोच वापरता येतो.

रेशनकार्डात मुलीचे नाव चढवायला तिचा जन्मदाखला पुरतो, पण त्याआधी आईचे नाव सासरच्या कार्डावर हवे, आणि ते चढवायला माहेरच्या कार्डावरून कमी केल्याचा दाखला हवा. ही साखळी लग्न झाल्याझाल्या पूर्ण करावी. होत नाही. माहेरच्यांना एक युनिट धान्य कमी होईल म्हणून नको असते, सासरच्यांना घाई नसते. मग मुलगी सहा महिन्यांची होते आणि ‘लेक लाडकी’चा अर्ज आईचे नावच कार्डावर नाही म्हणून परत येतो. गरोदरपणात करायच्या कामांत हे बँकेच्या कामाच्या जोडीला ठेवा. एकत्र कुटुंबाचे एकच कार्ड असेल तर उत्पन्न मोजताना सगळ्या घराचे धरले जाण्याची शक्यता असते. चूल खरोखर वेगळी असेल तर कार्ड विभक्त करून घ्या.

अंगणवाडी आणि लस

अंगणवाडीत मुलीचे नाव जन्मापासून घाला. सहा महिने ते तीन वर्षे घरी नेण्याचा आहार, तीन ते सहा वर्षे तिथेच गरम जेवण आणि पूर्वशिक्षण. पोषण ट्रॅकर ॲपमध्ये आता चेहरा ओळखून आहार देतात, त्यासाठी आईचे आधार आणि ओटीपीचा मोबाइल लागतो. दर महिन्याला वजन-उंची घेतली जाते का ते पाहा. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ती अतितीव्र कुपोषित आहे आणि तिला ग्राम बाल विकास केंद्रात किंवा, सोबत आजार असेल तर, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे असते. ‘आमच्या घरात सगळे बारीकच’ हे उत्तर ऐकून सोडून देऊ नये.

लसी: जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि 24 तासांच्या आत हिपॅटायटिस बी. मग 6, 10 आणि 14 आठवडे. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर, पाच ते सहा वर्षांत पुन्हा एक. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, पुढचा डोस लगेच द्यायचा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला कोणत्याही उपकेंद्रात लस मिळते, कार्ड सोबत हवे. 14 आठवड्यांच्या डोसावर मातृवंदनेचा पुढचा पैसा अवलंबून आहे, म्हणून त्या दिवशी कार्डावर तारीख आणि सही झाली की नाही ते बघूनच घरी या.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी तपासणीला येते. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, तिरळेपणा असे सापडले तर पुढचे उपचार आणि शस्त्रक्रिया त्यातून मोफत होतात. त्या दिवशी मुलीला मामाकडे पाठवू नका.

पहिली आणि आरटीई

31 डिसेंबरला 6 वर्षे पूर्ण होत असतील तर त्या जूनमध्ये पहिली. म्हणजे एप्रिल ते डिसेंबर 2023 मध्ये जन्मलेल्या मुली सध्याच्या नियमाने जून 2029 मध्ये पहिलीत जातील, आणि ‘लेक लाडकी’चा दुसरा हप्ता तेव्हा पहिल्यांदा देय होईल. त्या जूनमध्ये बोनाफाईड घेऊन अंगणवाडीत जायचे, शाळेतून पैसे आपोआप येत नाहीत.

सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश मिळतोच. खासगी विनाअनुदानित शाळेतल्या 25 टक्के जागांसाठी मात्र ऑनलाइन अर्ज आणि सोडत. 2025-26 च्या प्रवेशासाठी अर्ज 14 जानेवारीला सुरू झाले आणि सोडत 10 फेब्रुवारीला निघाली, म्हणजे शाळा सुरू होण्याच्या चार महिने आधी. ज्यांनी मे महिन्यात चौकशी केली त्यांचे वर्ष गेले. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी 2024 मध्ये, सरकारने 1 किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला. नियम असे मधूनच हलतात, म्हणून डिसेंबरपासून आरटीई पोर्टलवरची त्या वर्षीची सूचना वाचत राहा.

दोन गट आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नका. वंचित गट: अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, विशेष मागास, अपंग मुले, अनाथ, एचआयव्हीबाधित. यांना उत्पन्नाची अट नाही. जातीचा किंवा संबंधित दाखला लागतो, आणि जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच हवा. आर्थिक दुर्बल गट: बाकीचे सगळे, 1 लाखापर्यंत उत्पन्न. ओबीसी पालकाने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ करण्याची गरज नाही, आणि तरीही दरवर्षी करतात.

अर्ज बाद होतो तो बहुतेकदा पत्त्यावरून. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला चालत नाही. कराराची तारीख अर्जाच्या आधीची हवी आणि कालावधी किमान 11 महिन्यांचा. नकाशावर घराचा फुगा लावताना तो दाराशीच लावा. शाळेच्या जवळ सरकवला तर सोडतीत नंबर लागतो, पडताळणीत कागदावरचा पत्ता आणि नकाशा जुळत नाही आणि प्रवेश जातो, पुन्हा अर्जही करता येत नाही. दहापर्यंत शाळा निवडता येतात. नुसती नामांकित दोन नावे भरण्यापेक्षा खरोखर जिथे पाठवाल अशा सगळ्या भरा; मात्र पहिल्या फेरीत नंबर लागलेली शाळा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत संधी मिळत नाही, म्हणून जिथे पाठवणार नाही ती यादीत नकोच.

एसएमएसची वाट पाहू नका. सोडतीनंतर पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहा, प्रवेशपत्र आणि हमीपत्र छापून मूळ कागद व प्रतींसह पडताळणी समितीकडे जा, मग शाळेत. मुलीची किंवा पालकांची परीक्षा, मुलाखत घेणे कायद्याने बंद आहे. पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. ‘डेव्हलपमेंट’च्या नावाने पैसे मागितले तर पावती मागा आणि लेखी तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्याकडे द्या. तोंडी तक्रारीचे काही होत नाही.

मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत तीच शाळा पूर्ण फी मागू शकते, आणि इंग्रजी माध्यमातून आठवी झालेल्या मुलीला परवडणारी दुसरी शाळा जवळपास असेलच असे नाही. शाळेची यादी भरतानाच तिथली नववी-दहावीची फी विचारून घ्या.